डाव्या कल्ल्यामागे

४ सप्टेंबर, गुरुवार

सासूबाईंनी मासा आणलाय!

काल मला हॉस्पिटलमधून घरी सोडलं. रिक्षातून उतरते न उतरते तोच ह्या "आलेच" म्हणून जेल रोडच्या बाजारात निघून गेल्या. मला वाटलं नारळ आणायला गेल्या असतील. परत आल्या त्या एका हातात काचेचं भांडं आणि दुसऱ्या हातात पाण्याची पिशवी घेऊन. पिशवीत फायटर. लालभडक, पोटाखाली निळा, शेपटी शालूच्या पदरासारखी. कोथिंबिरीच्या जुडीवर फुकट मिरच्या मागणारी ही बाई, पण माशाचा भावसुद्धा केला नाही म्हणे! शौनक म्हणाला, "आई, हे काय नवीन?" तर म्हणाल्या, "असू दे रे, स्वानंदीला विरंगुळा."

मला विरंगुळा! मी कधी कुत्र्यालासुद्धा यूऽयू केलेलं नाही. पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. मान वळवायची नाही, जड उचलायचं नाही, विंचूरला कामावर जायचं नाही. घरात लोणच्याच्या बरणीसारखं बसून राहायचं. भांडं माझ्या उशाशी ठेवलंय. बुधवारी आला म्हणून नाव बुधा. इराने तोंड वाकडं केलं. "आई, फायटरचं नाव रॉकी असतं." आठ वर्षांची कार्टी, पण मत प्रत्येक गोष्टीवर आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

टाके खाजतात. डावीकडे, कानाच्या पाळीखालून जबड्यापर्यंत. काढलेली गाठ बोराएवढी होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, "इथल्या लॅबला खात्री देता येत नाहीये, म्हणून मुंबईला पाठवलीय. थोडे दिवस धरून चला." धरून चला! काय धरू?

कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही. सगळे 'ते' म्हणतात. 'ते' नसेल गं. 'ते' असतं तर डॉक्टरांनी लगेच सांगितलं असतं. मीही सगळ्यांसमोर खिदळत असते. शौनकला वाटतं, हिला काही काळजीच नाही. वाटू दे. तो सातपूरला कंपनीत मशीनसमोर उभा असतो, त्याचा हात थरथरायला नको.

सकाळी इराची वेणी घालताना मात्र मला दिसेनासं झालं. डोळे भरले की भरतातच, काय करणार! तिला म्हटलं, कांदा चिरत होते. ती म्हणाली, "कांदा तर आजी चिरतेय."

७ सप्टेंबर, रविवार

आज रात्री चंद्रग्रहण. सासूबाईंनी दुपारपासून तुळशीची पानं वाटायला घेतली. दुधात पान, लोणच्यात पान, पाण्याच्या फिल्टरवर पान, माझ्या औषधाच्या बाटलीवरसुद्धा! मी म्हटलं, "आई, बुधा राहिला की."

"त्याला नको."

"का? तोही पाण्यातच आहे."

"नको म्हटलं ना!"

केवढ्या डाफरल्या! मग स्वतःच ओशाळून मला लिंबू सरबत आणून दिलं. या बाईचं मला एक कळत नाही. बोलतात मला आणि बघतात माशाकडे.

९ सप्टेंबर, मंगळवार

बुधा काही खात नाही. पंख मिटून तळाशी बसलाय. मधूनच वर येतो, हवेचा घोट घेतो आणि दगड टाकल्यासारखा खाली जातो. पाणी गढूळ. कालच बदललं होतं, तेही बादलीत रात्रभर मुरवून!

शौनककडून माझ्या कपाटातल्या कंपनीच्या पट्ट्या काढून घेतल्या. वाइनचं आम्लपण मोजणारी मी, आता माशाचं पाणी मोजतेय. आम्लपण ठीक आहे. पण तळाशी काही काळे बारीक दाणे आहेत. घाण असावी त्याची.

१० सप्टेंबर, बुधवार

बुधाला गाठ आली आहे.

डाव्या कल्ल्यामागे. बाजरीच्या दाण्याएवढी. खवले तिथे उचलल्यासारखे दिसतात. सकाळच्या उन्हात भांडं फिरवून फिरवून पाहिलं. उजवीकडे काही नाही, फक्त डावीकडे आहे.

शौनकला दाखवली. म्हणाला, "अगं, सावली असेल." सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला! माशाला गाठ आली तर माझ्या डोक्यावरून हात कशाला?

११ सप्टेंबर, गुरुवार

माशांच्या दुकानातल्या मयूरला फोन केला. "मॅडम, फायटरला गाठ येते कधी कधी. काय नाय करायचं. वाटलं तर मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, देशी बदामाचं वाळकं पान टाका. आणि रोज आरसा दाखवा, त्याला वाटतं दुसरा आला, फुलतो, व्यायाम होतो. नायतर नवीन घेऊन जा ना!" नवीन घेऊन जा! जणू हवा गेलेला फुगाच.

सोसायटीच्या मागे देशी बदामाचं झाड आहे. इराने पानं आणली. एक उकळून टाकलं तर पाणी काळ्या चहासारखं झालं. त्यात तो लाल ठिपका.

मग आरसा धरला. बुधाने स्वतःच्या प्रतिबिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दाखवून दाखवून माझा हात भरून आला, आरसा जरासा तिरका झाला आणि त्यात माझी मान आली, टाके घातलेली. तर हा पठ्ठ्या फुलला! कल्ले उघडले, पंख ताणले, अंगावर धावून जावं तसा काचेवर आपटला. माझ्या टाक्यांवर.

मी आरसा उशीखाली ठेवून दिला. पुन्हा नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

खाल्लं! उकडलेल्या मटाराचा एवढासा कण बोटाच्या टोकाला चिकटवून पाण्यात धरला. आला, थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि अलगद टिपला. ओल्या कापसाने कुणी टेकवावं तसा स्पर्श. मला इतकं रडू आलं की काय सांगू! वेडीच आहे मी.

पण गाठ मोठी होतेय. आणि दुसरं एक, जे मी कुणाला सांगणार नाही. टाके ठणकतात ना, तेव्हा ठणक्याबरोबर त्याचे कल्ले हलतात. एक ठणका, एक उघडझाप. मी मुद्दाम टाक्यांवर बोट दाबलं, तर तो तडफडला. पुन्हा दाबलं. पुन्हा तडफडला. मग मी हात पांघरुणाखाली घेतला आणि तशीच पडून राहिले.

विज्ञान शिकलेली बाई मी! योगायोग असतो. असायलाच हवा.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज मामंजींचं श्राद्ध होतं. शामसुंदर मामंजी, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले आणि वर्षाच्या आत हृदयविकाराने गेले. गुरुजी आले, पानं वाढली, खीर-वडे झाले. जेवणं उरकून घर सुस्तावलं. मी पडले. झोप नव्हती, नुसते डोळे मिटलेले.

दार हळूच उघडलं. सासूबाई. मला वाटलं पांघरूण घालायला आल्या. पापण्यांच्या फटीतून पाहिलं तर त्यांची उजवी मूठ बंद. ती मूठ माझ्या मानेवरून फिरवली, सावकाश, न टेकवता. तोंडाने पुटपुटणं चालू. "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची..." दृष्ट काढत होत्या! मी हसू दाबलं. म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचं समाधान.

मग त्या वळल्या. गॅसकडे गेल्या नाहीत, बाहेर टाकायला गेल्या नाहीत. माझ्या उशाशी असलेल्या भांड्यावर मूठ उघडली.

टुपुक टुपुक टुपुक.

मीठ. मोहऱ्या. लाल मिरचीचे तुकडे. ते काळे दाणे मोहऱ्या होत्या! आणि बुधा, माझा बुधा, खाऊ पडला असं समजून वर आला आणि पडेल ते तोंडात घेऊ लागला.

मी ताडकन उठून बसले. त्या दचकल्या नाहीत. खाली बसल्या, माझ्या पायाशी, आणि ढसाढसा रडायला लागल्या. "मासा घरातल्याचं दुखणं अंगावर घेतो गं. आमच्या भजनातल्या बायका सांगतात. घेतो आणि मरतो, माणूस सुटतं. बघितलंस ना, त्याच जागी आली गाठ? घेतोय तो! मिठाच्या पाण्यात ठेवून बरा कशाला करतेस त्याला? ह्यांच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही, नाहीतर सगळं घर माशांनी भरलं असतं मी."

माझ्यासाठीच रडत होती ती बाई.

१४ सप्टेंबर, रविवार

भांडण. कडाक्याचं. मी म्हटलं, "मिरचीनेच आजारी पडलाय तो! तुम्ही पाडलाय!" त्या म्हणाल्या, "मग गाठ मिरचीने आली का?"

शौनक दोन्ही डगरींवर पाय ठेवून. "आईला बरं वाटतं तर करू दे ना. मासाच तर आहे." मग माझा चेहरा पाहून, "बरं, नको करू दे."

शेवटी त्यांनी शब्द दिला, पुन्हा भांड्यात काही टाकणार नाही. पाणी पूर्ण बदललं. तरी आजपासून खोलीला आतून कडी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

गाठ उतरतेय. डोळ्यांवरचा पांढुरका थर गेला. मटार खाल्ला, मग माझं बोट नुसतंच रिकामं धरलं तरी येऊन टेकला. सासूबाईंची सावली दारात पडली की मात्र पानाखाली लपतो. शिकलाय.

त्या माझ्याशी बोलत नाहीत. पण ताटात तूप जास्त वाढतात.

१७ सप्टेंबर, बुधवार

लंकाबाई भांडी घासताना म्हणाली, "वहिनी, तुमचा मासा लय टवटवीत दिसून राहिला." सासूबाईंच्या हातातली वाटी पडली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बुधाने घरटं बांधलं! पाण्यावर बुडबुड्यांचा पुंजका, साबणाचा फेस असावा तसा. मयूरला फोटो पाठवला. "मॅडम, एकदम फिट झाला! फायटर खूश असला की असं करतो." मी इराला मिठी मारून नाचले, मानेची पर्वा न करता.

शौनक लवकर आला. आज भलताच खुशीत. भेळ आणलीन, इराला खांद्यावर घेतलंन, स्वयंपाकघरात शीळ घालत फिरला. सासूबाई म्हणाल्या, "पितरांच्या दिवसांत शिट्ट्या कसल्या मारतोस?" तर लगेच गप्प, पण तोंडावर हसू तसंच. ह्याला काय झालंय?

संध्याकाळी तोंड धुताना हाताला लागलं. जबड्याखाली डावीकडे, टाक्यांच्या आत. कण. मटाराएवढा.

कालपर्यंत नव्हता. नव्हताच! मी रोज हात लावून पाहते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आहे. स्वप्न नव्हतं.

बुधाची गाठ जवळजवळ गेली. भिंग घेऊन पाहिलं, खवले सपाट. तो मजेत फिरतोय, काचेवर डावी बाजू घासतोय, पुन्हा पुन्हा, मला दाखवावी तशी. बघ, काही नाही. बघ, माझ्याकडे आता काही नाही.

मग कुठे गेलं?

डॉक्टरांना फोन करायला हवा होता. नंबर काढला आणि ठेवून दिला. ते काय म्हणतील ते मला ऐकायचं नाही. शौनकलाही सांगितलं नाही. तो इतका हसतोय की त्याचं हसू मोडावंसं वाटेना.

शाळेत जायला इरा तिची ती वेणी घालत होती. वाकड्या भांगाची, एक शेपूट वर, एक खाली. "आई, मला येते आता. तू नसलीस तरी." कामावर गेले तरी, असं म्हणायचं होतं तिला. मला माहीत आहे. तरी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला मरायचं नाही. मला मुळीच मरायचं नाही. इथे लिहिते, कारण तोंडाने म्हणता येत नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

खोलीची कडी आज लावली नाही.

दुपारभर वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. शब्द दिला की पाळणारी बाई! नेमका आत्ताच पाळायचा होता?

बुधा बोटाशी आला. मी बोट काढून घेतलं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या

लिहायला हवं. हे कुठेतरी लिहायला हवंच.

शौनक ओव्हरटाइमला गेलेला, इरा खाली खेळायला. दिवेलागणीची वेळ. सासूबाई देवाशी वाती वळत होत्या. मी पाट घेतला, त्यांच्यापुढे मांडला, बसले. ओढणी बाजूला करून मान उघडी केली. म्हटलं, "आई, काढता का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात पुढे केला, जबड्याखाली नेमका तिथेच बोट टेकवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. उठल्या, मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन आल्या. खडेमीठ, मूठभर. ओवाळलं.

भांड्यापाशी गेलो दोघी. त्या वाकल्या, तर बुधा पानाखाली. त्यांनी काचेवर टिचकी मारली. येईना. "माझ्याकडे येत नाही गं तो," म्हणाल्या. लहान मुलीसारखा आवाज.

मग त्यांच्या मुठीतलं सगळं मी माझ्या मुठीत घेतलं.

दुसऱ्या हाताचं बोट पाण्यात धरलं. तो आला. लगेच आला! पानाखालून सरळ, शेपटी फुलवून, बोटाशी येऊन थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मूठ उघडली.

वेळ लागला. लवकर होईल असं वाटलं होतं. पाणी पांढुरकं झालं, तो आडवा झाला, पुन्हा सरळ झाला. आणि प्रत्येक वेळी सरळ झाला की माझ्या बोटाकडे यायचा. बोट मी काढून घेतलं नव्हतं. का नाही काढलं, माहीत नाही. शेवटी त्याला टेकूनच राहिला.

सासूबाई म्हणाल्या, "सुटलीस गं बाई." मी म्हटलं, हो.

त्यांनीच त्याला कागदात गुंडाळलं. उद्या नदीवर, गंगेत सोडू म्हणाल्या. भांडं मी घासून पालथं घातलं. मानेला अजून हात लावलेला नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

सकाळी घट बसले. शौनकने देवापुढे पेढ्यांचा पुडा ठेवला आणि सगळ्यांना हाका मारल्या. मुंबईचा रिपोर्ट आलाय. साधी गाठ. 'ते' नाही! सासूबाई माझ्या गळ्यात पडल्या. "घेतलंन गं त्याने, घेतलंन!" मी जबड्याखालचा कण शौनकला दाखवला. त्याने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. ते हसले. आतल्या टाक्याचा दोरा गोळा होतो, विरघळेल म्हणाले.

मी विचारलं, "रिपोर्ट कधी कळला?"

"गुरुवारी सकाळी. म्हटलं पितृपक्षात चांगलं बोलायला नको, घट बसले की पेढ्यांसकट सांगू. आणि तुला कुठे काळजी होती गं? तू तर त्या माशातच!"

गुरुवारी सकाळी. बुधाने घरटं बांधलं तेव्हा.

तो माझं घेत नव्हता. आम्ही दोघं बरोबर बरे होत होतो.